ॲलर्जी या शब्दाचे जनक : डॉ. क्लेमेन्स फॉन पिर्के



मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास आमच्या बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत तुरीच्या राशी सुरू होतात. मळणीयंत्राच्या तोंडून उडालेले भुसकट वाऱ्यावर पसरते, भालकी-औरादपासून आळंदपर्यंतच्या रस्त्यांवर ते धुक्यासारखे तरंगत राहते, आणि त्याच दिवसांत शाळेच्या हजेरीपटावर ठरावीक नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. कोणाची छाती भरते, कोणाच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, कोणाच्या अंगावर गांधी उठतात. कारण विचारावे, तर उत्तर एकच मिळते : ॲलर्जी. आमच्या या चार भाषांच्या मुलखात घरी मराठी बोलणारा, कन्नड बोलणारा, दखनी उर्दू बोलणारा आणि तेलुगू बोलणारा असे चौघेही हाच शब्द उच्चारतात. तो इतका अंगवळणी पडला आहे की, कोणी तरी एके दिवशी तो मुद्दाम घडविला असेल, ही कल्पनाही मनास शिवत नाही. वस्तुतः या शब्दाचे वय अवघे सव्वाशे वर्षांच्या आतले आहे. २४ जुलै १९०६ रोजी म्युनिकच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात तो प्रथम छापला गेला. तो घडविणारे गृहस्थ व्हिएन्नामधील मुलांच्या रुग्णालयात काम करणारे ३२ वर्षांचे डॉक्टर होते. त्यांचे नाव क्लेमेन्स फॉन पिर्के.

पिर्के यांचा जन्म १२ मे १८७४ रोजी व्हिएन्नाजवळील हिर्शस्टेटन या गावी झाला. घराणे सरदारी, जमीनजुमला मोठा. वडील राजकारणात वावरणारे. आई अत्यंत धर्मनिष्ठ होती आणि आपल्या मुलाने धर्मोपदेशक व्हावे, अशी तिची इच्छा होती. त्याप्रमाणे तरुण क्लेमेन्स १८९२ मध्ये इन्सब्रुक येथे धर्मशास्त्र शिकण्यास गेला, तेथून बेल्जममधील लुव्हँ येथे जाऊन तत्त्वज्ञानाची पदवीही त्याने मिळविली. त्यानंतर मात्र त्याने दिशा बदलली आणि वैद्यकाची वाट धरली. सरदार घराण्यातील मुलाने सैन्यात जावे, धर्मपीठावर बसावे किंवा जमीन सांभाळावी, असा त्या काळचा रिवाज होता. लोकांच्या मुलांचे घसे तपासीत बसणे हे काही त्या घराण्यास शोभणारे मानले जात नव्हते. तरीही १९०० मध्ये ग्रात्स विद्यापीठाची वैद्यकीय पदवी त्यांच्या हाती आली आणि लवकरच ते व्हिएन्नास थिओडोर एशरिख यांच्या हाताखाली बालरोगचिकित्सक म्हणून रुजू झाले. (त्यांचे धाकटे बंधू गुइडो यांनी घराण्याचा रिवाज आणखी निराळ्या रीतीने मोडला : अग्निबाणाने पृथ्वीबाहेर कसे जाता येईल, याची गणिते त्यांनी माणूस अवकाशात जाण्याच्या कितीतरी आधी मांडून ठेविली!)

आता त्या रुग्णालयातील परिस्थिती थोडी समजून घेतली पाहिजे, कारण पिर्के यांचे सारे कर्तृत्व त्या वॉर्डातल्या खाटांभोवतीच उभे राहिले. त्या काळी घटसर्पाने मुले तडफडून मरत. घशात पापुद्रा धरे, श्वास कोंडे आणि आईबापांच्या डोळ्यांदेखत मूल जाई. एमिल फॉन बेरिंग आणि त्यांचे जपानी सहकारी कितासातो यांनी १८९० मध्ये यावर एक विलक्षण उपाय दाखवून दिला. घटसर्पाचे विष थोडे थोडे टोचीत गेल्यास जनावराच्या रक्तात त्या विषाचा उतारा तयार होतो. घोड्यास असे टोचून त्याच्या रक्तातील पाण्यासारखा भाग, म्हणजे रक्तद्रव, आजारी मुलाला दिला असता मूल वाचते. या उपायाने युरोपात असंख्य मुले वाचली. पुढे व्हिएन्नामध्येच लोहितांग ज्वरावरही पॉल मोझर यांनी असा रक्तद्रव तयार केला. तो मात्र फार मोठ्या प्रमाणात, कधी कधी २०० घनसेंटिमीटरपर्यंत, टोचावा लागे.

मूळ दुखणे उतरणीस लागले, मूल हसू-खेळू लागले, आईबापांनी देवाचे आभार मानले, आणि साधारण आठव्या ते बाराव्या दिवशी त्या मुलाला पुन्हा ताप भरावा, अंगभर पित्त उठावे, सांधे दुखावेत, गळ्यातल्या गाठी सुजाव्यात, असे प्रकार वॉर्डात वारंवार दिसू लागले. रक्तद्रवाचा तो दोष आहे, हे डॉक्टरांच्या ध्यानी आले होते. काहींनी घोड्याचे रक्त मुळातच विषारी असते असे मानून स्वतःचे समाधान करून घेतले.

पिर्के यांना हे समाधान पटले नाही. त्यांच्यासोबत बेला शिक नावाचा हंगेरीतून आलेला, त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान असलेला डॉक्टर काम करीत होता. या दोघांनी कोणतेही नवे यंत्र वापरले नाही, सूक्ष्मदर्शकाखाली कोणताही नवा जंतू पाहिला नाही. त्यांनी दिवस मोजले. कोणत्या मुलाला कोणत्या तारखेस पहिली सुई दिली, पुरळ कोणत्या तारखेस उठले, दुसरी सुई कधी दिली आणि त्यानंतर किती तासांनी काय घडले, याची टिपणे ते एकेका खाटेवरून गोळा करीत गेले. त्या टिपणांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्या मुलाला घोड्याचा रक्तद्रव पहिल्यानेच दिला, ते मूल आठ-दहा दिवसांनी आजारी पडे. पण ज्या मुलाला पूर्वी, काही आठवड्यांमागे वा महिन्यांमागे, एकदा तो दिलेला असे, ते मूल दुसऱ्या सुईनंतर त्याच दिवशी, कधी काही मिनिटांतच, आजारी पडे.

मुलांनो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. घोड्याचा रक्तद्रव दोन्ही वेळा सारखाच होता. त्यात विष असते तर ते दोन्ही वेळा सारखाच काळ घेऊन चढले असते. मग मधल्या काळात बदलले काय? बदलले होते ते मूल. पहिल्या सुईनंतर त्याच्या शरीराने त्या परक्या पदार्थाची ओळख करून घेतली होती, त्याच्याशी सामना करणारी काही द्रव्ये निर्माण केली होती. या तयारीला आठ-दहा दिवस लागले. तयारी पूर्ण होताच शरीराची द्रव्ये आणि घोड्याचा शिल्लक रक्तद्रव यांची गाठ पडली, आणि त्या झटापटीतून ताप व पुरळ उत्पन्न झाले. दुसऱ्या वेळी ही सेना आधीच उभी होती, म्हणून झटापट तत्काळ झाली. तात्पर्य, आजार बाहेरून आला नव्हता. रक्षणासाठी सज्ज झालेल्या शरीरानेच तो घडविला होता.

शरीराची रोगप्रतिकारशक्ती ही केवळ कल्याणकारक असते, असे मानण्याचा तो काळ होता. देवी काढून माणूस देवीपासून वाचतो, रक्तद्रवाने घटसर्पापासून वाचतो, हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले होते. तीच शक्ती माणसाला आजारी पाडते, हे विधान म्हणजे गावच्या जागल्यावरच चोरीचा आळ घेण्यासारखे होते! मोठमोठ्या शास्त्रज्ञांस ते रुचणारे नव्हते, याची पिर्के यांना जाणीव असावी. १९०३ मध्ये आपला विचार लिहून तो मोहोरबंद स्वरूपात त्यांनी व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीकडे ठेवण्यास दिला. असे केल्याने विचार कोणाला प्रथम सुचला, याविषयी पुढे वाद उरत नाही. नंतर १९०५ मध्ये शिक यांच्यासह रक्तद्रवजन्य आजारावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बालरोगशास्त्रातील तो एक आधारग्रंथ मानला जातो.

याच सुमारास फ्रान्समध्ये शार्ल रिशे आणि पोर्तिए यांना निराळ्या वाटेने असेच काही दिसले होते. समुद्रपुष्प या प्राण्याचे विष कुत्र्यांस अल्प प्रमाणात टोचून ती विषाला सरावतात का, हे ते पाहत होते. कुत्री सरावण्याऐवजी दुसऱ्या, तितक्याच अल्प मात्रेने मेली. रिशे यांना या शोधाबद्दल १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पिर्के यांचे नाव त्या पारितोषिकासाठी अनेकदा सुचविले गेले, पण त्यांच्या वाट्याला ते आले नाही. रिशे यांनी जो शब्द योजला होता, त्याचा अर्थ रक्षणाचा अभाव असा होता. पिर्के यांना तो अपुरा वाटला. त्यांचे म्हणणे असे की, पहिल्या स्पर्शानंतर शरीराचा स्वभाव बदलतो; हा बदल कधी रक्षण करतो, कधी घात करतो, कधी दोन्ही एकाच वेळी करतो. म्हणून या बदलालाच एक तटस्थ नाव हवे. ग्रीक भाषेतील अन्य आणि कार्य या अर्थांच्या दोन शब्दांची त्यांनी जोडणी केली आणि ॲलर्जी हा शब्द सिद्ध झाला. ज्या पदार्थामुळे असा बदल घडतो, त्याला त्यांनी ॲलर्जेन म्हटले, आणि त्यांच्या यादीत परागकण, मधमाशीचा व डासाचा दंश, स्ट्रॉबेरी आणि खेकडे या सर्वांना एकाच ओळीत बसविले. हे धाडस होते. गवताच्या फुलोऱ्याने येणाऱ्या शिंका आणि खेकडा खाल्ल्याने उठणारे पित्त ही एकाच झाडाची फळे आहेत, असे तोवर कोणी ठामपणे सांगितले नव्हते.

शब्दांचेही दैव असते. पिर्के यांनी रक्षण आणि घात या दोहोंसाठी दिलेला शब्द पुढे केवळ घातापुरता उरला, आणि आज तर नावडत्या माणसाचीही आपल्याला ॲलर्जी असते!

१९०७ मध्ये पिर्के यांनी याच विचाराचा एक अतिशय उपयुक्त वापर केला. त्यांनी पाहिले होते की, ज्यांना पूर्वी देवी काढलेल्या असतात, त्यांना पुन्हा टोचले असता दंडावरची लाली कितीतरी लवकर उमटते. त्वचा जणू जुनी ओळख विसरलेली नसते. मग क्षयाच्या जंतूशी ज्या मुलाची पूर्वी गाठ पडली आहे, त्याची त्वचाही ते सांगू शकेल काय? रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये क्षयजंतूंपासून तयार केलेले ट्यूबरक्युलिन हे औषध म्हणून फोल ठरले होते. पिर्के यांनी त्याचे थेंब मुलाच्या हातावर ठेवून तेथे त्वचा किंचित खरवडली. शेजारी औषधाविना आणखी एक ओरखडा काढला, म्हणजे नुसत्या खरवडण्याने काय होते तेही कळावे. पुढे एक-दोन दिवसांनी औषधाच्या जागी लाल, टणक उंचवटा आला, तर त्या मुलाच्या शरीरात क्षयजंतू शिरून गेला आहे, असे निदान ते करीत. या चाचणीने व्हिएन्नातील वैद्यांचे डोळे उघडले. धडधाकट दिसणाऱ्या, खेळणाऱ्या असंख्य मुलांच्या हातांवर तो उंचवटा उमटला. क्षय अंगात सुप्त राहू शकतो, ही गोष्ट अशा रीतीने उजेडात आली. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील मांतू यांनी ही चाचणी सुधारून ट्यूबरक्युलिन त्वचेच्या आत टोचण्याची पद्धत काढली. आपल्या सरकारी दवाखान्यांत मांतू चाचणी म्हणून जी केली जाते, ती हीच. शिक यांनीही १९१३ मध्ये घटसर्पासाठी त्वचेवरची चाचणी शोधून काढली आणि तिला त्यांचेच नाव मिळाले.

यानंतर पिर्के यांच्या आयुष्यात मानसन्मान भराभर आले. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १९०९ मध्ये त्यांना बालरोगशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेले. वर्षभराने ते ब्रेस्लाऊ येथे आले, आणि १९११ मध्ये एशरिख यांच्या निधनानंतर व्हिएन्नाच्या बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. तेथे ते अखेरपर्यंत राहिले.

पहिल्या महायुद्धानंतरचे त्यांचे कार्य आमच्या मते ॲलर्जीच्या शोधाइतकेच थोर आहे, जरी आज त्याची आठवण कोणी काढीत नाही. १९१८ मध्ये साम्राज्य कोसळले, व्हिएन्ना उपाशी पडली. मुलांची हाडे दिसू लागली. अमेरिकेच्या साहाय्य संस्थेने धान्य व दूध पाठविण्याचे ठरविले, पण भुकेल्या मुलांपैकी आधी कोणाला द्यावे? पिर्के यांनी पुन्हा आकड्यांचा आश्रय घेतला. मूल बसले असता त्याची उंची आणि त्याचे वजन यांत एक प्रमाण असते, असे त्यांना आढळले होते. ग्रॅममधील वजनाची दसपट केली असता ती सेंटिमीटरमधील बैठ्या उंचीच्या घनाजवळ येते. त्यावरून काढलेला आकडा ठरावीक मर्यादेखाली गेला, की त्या मुलाला आहार मिळे. मग ते सरदाराचे असो वा धोबिणीचे. अन्नाचे मोजमाप त्यांनी एक ग्रॅम दुधाच्या पोषणमूल्यावर बसविले आणि त्या मापाला नेम असे नाव दिले. त्यांच्या देखरेखीखाली ऑस्ट्रियात लाखो मुलांना जेवण मिळाले. आपल्याकडील मध्यान्ह भोजनाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांना ही हकीकत विशेष जवळची वाटावी. नेम हे माप मात्र लोक विसरले. नवे शब्द घडविण्याचा पिर्के यांना नादच होता. त्यांतला एकच जगाने उचलला.

त्यांचा लौकिक इतका वाढला की, १९२८ मध्ये ऑस्ट्रियाच्या राष्ट्राध्यक्षपदासाठीही त्यांचे नाव घेतले गेले. घरात मात्र सुख नव्हते. १९०४ मध्ये त्यांनी मारिया यांच्याशी केलेला विवाह घराण्याला मान्य झाला नव्हता, आणि पुढे पत्नीचे आजारपण वर्षानुवर्षे चालले. २८ फेब्रुवारी १९२९ रोजी पिर्के व त्यांच्या पत्नीने आपल्या जीवनाचा अंत करून घेतला. वय अवघे ५४. हजारो मुलांच्या दुखण्याचा बारकाईने हिशेब ठेवणाऱ्या या माणसाच्या मनातले दुखणे कोणाच्या ध्यानी आले नाही, याची हळहळ वाटते.

पिर्के यांनी झटापट होते हे सांगितले; ती कोण करते, हे त्यांच्या हयातीत पुरते कळले नव्हते. थोडेसे कळले ते ब्रेस्लाऊ येथे, १९२१ मध्ये. हाइन्झ क्यूस्टनर या डॉक्टरांना शिजविलेली मासळी चालत नसे. त्यांच्या रक्तद्रवाचा थेंब कार्ल प्राउस्निट्स यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचला. तेथे गांध उठली. मासळीवर वाढलेल्या कोकणी घरातल्या आम्हांस क्यूस्टनर यांची कीव येते, पण त्यांच्या त्या वैरातून एक गोष्ट सिद्ध झाली : ॲलर्जी रक्तातून एकाकडून दुसऱ्याकडे नेता येते, म्हणजे रक्तात तसे काही द्रव्य आहे. त्या द्रव्याचा शोध लागण्यास आणखी ४५ वर्षे गेली. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत डेन्व्हर येथे इशिझाका पती-पत्नींनी, आणि स्वतंत्रपणे स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी ते वेगळे काढले. त्याचे नाव आयजीई. हे प्रतिद्रव्य त्वचेतील व श्वासनलिकेतील मास्ट पेशींवर जाऊन बसते. ओळखीचा परागकण आला की त्या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामीन बाहेर टाकतात, आणि काही मिनिटांतच शिंका, खाज, गांधी सुरू होतात.

पण मग एकाच खळ्यावर काम करणाऱ्या दोन भावांपैकी एकाच्याच शरीराने आयजीई का बनवावे? आणि धुरळा बसून गेल्यावरही दमेकऱ्याची छाती दिवसेंदिवस का भरून राहावी? याचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांस निरोप नेणारी प्रथिने सापडली. त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यांतले इंटरफेरॉन १९५७ मध्ये लंडनमध्ये सापडले. इंटरल्यूकिन हे कुलनाम १९७९ मध्ये ठरले. यांचे काम समजण्यास आपल्याकडील दवंडीची आठवण करावी. हलगी वाजली की गावातला प्रत्येक जण आपापले काम घेऊन निघतो. श्वासनलिकेच्या अस्तराला धुरळ्याने वा विषाणूने इजा झाली की तेथील पेशी पहिली हलगी वाजवितात. इंटरल्यूकिन-३३ हे अशा दवंडीचे एक प्रथिन होय. ती ऐकून रक्तातील काही पांढऱ्या पेशी पुढचे निरोप धाडतात. इंटरल्यूकिन-४ हा निरोप प्रतिद्रव्ये बनविणाऱ्या पेशींना आयजीई बनविण्याचा हुकूम देतो. इंटरल्यूकिन-५ हा इओसिनोफिल नावाच्या पेशींच्या झुंडी बोलावतो. इंटरल्यूकिन-१३ मुळे श्वासनलिकेत चिकट कफ वाढतो आणि नलिका आवळण्यास प्रवृत्त होते. जंतांशी लढताना हीच यंत्रणा उपयोगी पडते. दम्यात मात्र शत्रू नसतानाही हलगी वाजत राहते, आणि अस्तर सुजलेले राहते. अशा पांढऱ्या पेशींचे दोन पंथ असून ते निरनिराळे निरोप धाडतात, हे मॉसमन आणि कॉफमन यांनी १९८६ मध्ये दाखविले. या निरोपांना वाटेतच अडविणारी औषधे आता निघाली आहेत. ती महाग आहेत आणि तीव्र दुखण्यासाठीच राखलेली आहेत.

हे सारे सांगण्याचे कारण आहे. आमच्या भागात दम्याच्या मुलाजवळ दुसऱ्या मुलाला बसू देत नाहीत. ते दुखणे लागेल, अशी भीती असते. सोयरीक मोडू नये म्हणून मुलीचा पंप ट्रंकेच्या तळाशी दडविला जातो. पंपाची सवय लागते, असा समज तर घरोघरी आहे. दमा स्पर्शाने लागत नाही, कारण एकाच्या शरीरातील दवंडी दुसऱ्याच्या शरीरात ऐकू जात नाही. पंपाचे दोन प्रकार असतात : एक आवळलेली नलिका तेवढ्यापुरती सैल करतो, दुसऱ्यात स्टिरॉइड असते, आणि ते हे निरोप लिहिलेच जाऊ नयेत अशी व्यवस्था करते. हा दुसरा पंप रोज घ्यावा लागतो, म्हणून लोकांना ती सवय वाटते. जेवणही आपण रोजच घेतो. मृग लागताच आमच्याकडील शेकडो लोक हैदराबादला जाऊन औषध भरलेली जिवंत मरळ गिळून येतात. श्रद्धेविषयी आम्ही काही बोलणार नाही. पण त्या मासळीने दमा जातो असे कोणत्याही कसोटीवर सिद्ध झालेले नाही, आणि तिच्या भरवशावर रोजचा पंप बंद करणाऱ्या मुलाचा प्राण धोक्यात येतो, एवढे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

आता राहिले काँग्रेस गवत. बांधावर, शाळेच्या कुंपणाशी पांढऱ्या बारीक फुलांनी डवरणारे हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. १९५५-५६ च्या सुमारास ते पुण्यात आढळल्याची नोंद झाली आणि तेथून पाहता पाहता देशभर पसरले. १९७० च्या दशकात पुण्यातील रुग्णांवरून त्याच्या त्वचारोगाचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकांत आले. निंदणी-खुरपणी करणाऱ्या कित्येकांच्या मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या घडीत कातडी जाड व काळी पडून सतत खाजते, ती बहुधा याच रोगाने. येथे आयजीईची घाई नसते. गवतातील पार्थेनिन या द्रव्याची त्वचेतील पांढऱ्या पेशींशी कित्येक महिने ओळख वाढत जाते, आणि मग प्रत्येक स्पर्शानंतर त्या सावकाश निरोप धाडून कातडी सुजवितात. ट्यूबरक्युलिनच्या ओरखड्यावरचा पिर्के यांचा उंचवटा ज्या जातीचा, त्याच जातीची ही सूज आहे.

म्हणून त्वचारोगतज्ज्ञ अशा रुग्णास प्रथम विचारतात ते हेच : शेतात गेल्यावर किती वेळाने खाज सुटते? मिनिटांत, की दोन दिवसांनी? उत्तर दोन दिवसांचे असेल, तर गवताच्या अर्काची एक लहानशी पट्टी रुग्णाच्या पाठीवर चिकटवितात, तिच्या शेजारी अर्काविना दुसरी लावतात, आणि त्याला घरी पाठवितात. पट्टी ४८ तासांनी काढून खालची कातडी पाहतात.